चार बोटं

आईची नजर पुन्हा तिच्या डोक्यावरून गेली.

धाकटी रंगमंचाच्या मधोमध उभी होती. समोरच्या पडद्यावर आई, हयातीत होती तेवढीच, पाच फुटांना दोन बोटं कमी. हनुवटी वर उचललेली. नाचात चूक दिसली की आई अशीच हनुवटी वर करायची. धाकटी डावीकडे सरकली की आई तिच्याकडे वळे, उजवीकडे गेली की उजवीकडे. त्यापुढे काही घडत नव्हतं. कॅमेऱ्यानं समोर असेल तिचे डोळे टिपायचे, दोघींची नजर जुळायची, मग आईनं हात पुढे करायचा आणि नाच सुरू व्हायचा, अशी सगळी बांधणी होती. तीन दिवस आई ढिम्म उभी होती. प्रयोग उद्यावर आला होता.

"नजर खाली आण," धाकटी म्हणाली. "चार बोटं. किती वेळा सांगू?"

कॉम्प्युटरवाल्यानं मान वर केली नाही. "बाईंनी स्वतः ठरवलीय ती. शेवटच्या चित्रीकरणाला मला एक काठी उभी करायला लावली, लाल पट्टी आपल्या हातानं चिकटवली. म्हणाल्या, मी इथंच बघणार. नंतर कुणी कितीही डोकं खाल्लं तरी एक बोट हलवायचं नाही."

"तेव्हा आई औषधांच्या गुंगीत होती."

"मला शिव्या घालण्याइतपत शुद्धीत होत्या, मॅडम."

तिसऱ्या रांगेतून कुणीतरी हसलं. ताई. बारा वर्षांपूर्वी नाच सोडून, घर सोडून गेलेली. आईच्या आजारपणात दोनदा आली, दोन्ही वेळा परतीचं तिकीट काढून. आज मात्र सकाळपासून ठाण मांडून बसली होती.

"मेलेल्या बाईचं बुजगावणं करून नाचवतेस," ताई म्हणाली, "आणि ते तुझ्याकडे बघत नाही म्हणून चिडतेस. ती काठी आहे का अजून? आण रे."

काठी आली. ताई पायऱ्या चढून वर आली. लाल पट्टीकडे तिनं एकदाच पाहिलं.

"ही उंची माझी आहे," ती म्हणाली. "जिवाला लागेल तुझ्या, पण ती मला शोधतेय."

दोन वर्षं धाकटीनं आईला उचललं होतं, भरवलं होतं, पुसलं होतं. एकदाही 'छान' ऐकलं नव्हतं. हे आपल्याला आधीच ठाऊक होतं, असं तिला वाटलं. ती बाजूला झाली.

ताई काठीला पाठ लावून उभी राहिली. पट्टी तिच्या नाकाच्या शेंड्याशी आली. पडद्यावरची आई तिच्या नाकाकडे बघत राहिली. हात हलला नाही.

ताईनं काठीवरून नजर काढली आणि बहिणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बोलली ती दुखवायलाच.

"तू अजून गुडघे मोडून उभी राहतेस तिच्यासमोर?"

धाकटीचा चेहरा उतरला. पंधराव्या वर्षी ती आईपेक्षा उंच झाली होती. पहिल्याच प्रयोगात दोघी शेजारी उभ्या राहिल्या आणि पुढच्या रांगेत कुणीतरी फिदीफिदी हसलं. तेव्हापासून आई समोर आली की घोळदार पोशाखाच्या आत तिचे गुडघे आपोआप वाकत, खांदे उतरत. वीस वर्षं. हे गुपित आपल्याबरोबरच जाणार, असं ती धरून चालली होती.

"आईला माहीत होतं?"

"नसायला ती काय आंधळी होती?" ताई म्हणाली, आणि खाली उतरून गेली.

कॉम्प्युटरवाला खाकरला. "मॅडम, करू का चार बोटं खाली?"

"थांब."

तिनं गुडघे सरळ केले. एक कडकन वाजला. मग पाठ, खांदे, मान.

आईचा हात पुढे आला. हनुवटी अजून तशीच वर होती. बुटक्या आईला उंच मुलीच्या डोळ्यांत बघायला करावी लागते, बरोबर तेवढी.