निम्मी मंजुरी

"सोलरला साठ अँपिअरचा कंट्रोलर?" निवृत्त पाटणकरसाहेबांनी यादीवर लाल पेन टेकवलं. डोंगरावरच्या या घरापर्यंत विजेची तार पोचली नव्हती. साहेबांची चौतीस वर्षांची सरकारी सवय मात्र बिनचूक पोचली होती. लोक मागणी दुप्पट करतात, आपण निम्मी मंजूर करायची.

"साहेब, भर दुपारी पॅनेलमधून पन्नास अँपिअर येतात. तेवढे कंट्रोलरला झेपायला हवेत ना," सोलरवाल्या रुबिनाबाई म्हणाल्या.

"सगळे असंच म्हणतात." त्यांनी साठ खोडून तीस लिहिलं आणि खाली झोकदार सही ठोकली.

पहिल्याच लख्ख दुपारी कंट्रोलरमधून धूर निघाला. पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला.

पदराने वारा घेत बायको म्हणाली, "अहो, मंजुरीची एक प्रत सूर्याला पाठवायची राहिली वाटतं!"