स्वतःच्या शब्दांत

"ऑफ द कफ," निशिउरा म्हणाला. "तीन शब्द. लिहा आणि पाठवून द्या, हिवातारी-सान."

"नाही लिहिणार."

निशिउरा कंपनीच्या कायदा विभागाचा प्रमुख होता आणि 'नाही' ऐकायची त्याला सवय नव्हती. त्याने खुर्ची ओढली आणि तिच्या टेबलासमोर बसला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार वाजले होते. दुपारच्या भागधारक सभेचा इंग्रजी वृत्तांत पाच वाजता परदेशी भागधारकांना जायचा होता, आणि तो लिहिणारी इंग्रजी विभागात हिवातारी एकटीच होती.

अडलं होतं एकाच ठिकाणी. एका परदेशी भागधारकाने कारखान्याखालच्या कुरासे गावातल्या विहिरींबद्दल विचारलं होतं. त्यावर अध्यक्ष तोकोनामी उभे राहिले आणि म्हणाले, "त्या पाण्यात काय उतरतंय हे मला तेरा वर्षांपासून माहीत आहे. मी गप्प बसलो. कुरासेच्या लोकांची मी माफी मागतो."



"अध्यक्षांच्या तोंडून निघून गेलं ते," निशिउरा म्हणाला. "माणूस थकतो. वृत्तांतात तसंच आलं पाहिजे. उद्या कुरासेची एकशे चाळीस घरं कोर्टात जातील तेव्हा आपल्याला म्हणता येईल, ते सहज बोलणं होतं, कंपनीची भूमिका नव्हती."

"ऑफ द कफ म्हणजे जेवण झाल्यावर ग्लास हातात घेऊन मारलेल्या गप्पा. ते उभे राहून बोलले. वाकून माफी मागितली."

"मग अनगार्डेड लिहा."

"ते तर त्याहून वाईट. बेसावध माणूस. जणू काही लपवायचं होतं आणि निसटलं."

"लपवायचं होतंच," निशिउरा म्हणाला, आणि दाराकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "तुम्ही आज मंचामागच्या खोलीत होतात. तुम्हाला मी काय सांगायचं?"

ती होती. सभेच्या दिवशी त्या खोलीत निशिउराची पाच माणसं दाटीवाटीने बसत. सभागृहातून प्रश्न आला की तयार उत्तरांच्या जाडजूड फायलींतून उत्तर शोधून ते अध्यक्षांसमोरच्या मोठ्या पडद्यावर टाकत, आणि अध्यक्ष ते सावकाश वाचत. हिवातारीची जागा कोपऱ्यात. परदेशातून आलेले प्रश्न जपानीत करून अध्यक्षांच्या डावीकडच्या छोट्या पडद्यावर टाकायचे, एवढंच तिचं काम.

"तुमच्या माणसांनी वेळेवर उत्तर का नाही दिलं?" तिने विचारलं.

"कुरासेचं पान फायलीत नव्हतंच. पाच जण एकमेकांची तोंडं बघत बसले. पडदा कोरा. तो माणूस अकरा वर्षं अध्यक्ष आहे, कागदाशिवाय 'सुप्रभात' म्हणत नाही, आणि आज कोऱ्या पडद्यासमोर ही अक्कल सुचली."

"म्हणजे मनातलं बोलले."

"तुमची निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे ना?"

"एक वर्ष सात महिने."

"होक्काइदोच्या गोदामाला इंग्रजी येणारं कोणीतरी हवंय म्हणतात. थंडी सोसते का तुम्हाला?"

"प्रयोगशाळेतून मला इथे हलवलं तेव्हा इंग्रजी सोसेल का, असं कोणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "सोसलं."

प्रयोगशाळेत ती नऊ वर्षं होती. तेरा वर्षांपूर्वी कुरासेच्या विहिरींचे नमुने तिनेच तपासले होते आणि अहवालाखाली तिचीच सही होती. दशांशचिन्हापुढचा एकही आकडा ती कधी गाळत नसे. त्या अहवालाचं पुढे काय झालं, हे तिला कोणी सांगितलं नाही. ती इंग्रजी शिकली.

तिने संगणक जवळ ओढला. 'इन हिज ओन वर्ड्स' या शब्दांपाशी तिची बोटं क्षणभर थांबली. मग तिने ते लिहिले आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

"अध्यक्ष स्वतःच्या शब्दांत बोलले," तिने जपानीत सांगितलं. "हे जाईल. दुसरं काही हवं असेल तर खाली तुमचं नाव घालून तुम्ही पाठवा."

"हे वाचल्यावर कुठलं कोर्ट आपलं ऐकेल?"

"कुठलंच नाही."

 निशिउराने अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष स्वतः खाली येतील असं दोघांनाही वाटलं नव्हतं. ते आले. गळ्याचा टाय सैल, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. दोघंही उठून वाकले.

निशिउराने सगळं सांगितलं. नीट सांगितलं, काही वाढवलं नाही. "आत्ता एक शब्द बदलला तर कंपनी वाचेल," तो शेवटी म्हणाला. "आपण फक्त 'ओघात बोललो' असं म्हणावं."

तोकोनामींनी चष्मा लावला आणि उभ्याउभ्या ती ओळ वाचली. एकदा, मग पुन्हा.

"ओघात नाही बोललो," ते म्हणाले. "आहे तसं जाऊ द्या."

"अध्यक्ष, संचालक मंडळ तुम्हाला ठेवणार नाही."

"माहीत आहे. तुम्ही जा, निशिउरा-कुन. मंडळाला फोन करायचा असेल तर आत्ताच करा, पाचनंतर कोणी उचलणार नाही."

निशिउरा वाकला आणि गेला. हिवातारीने वृत्तांत पाठवला. पाचला सहा मिनिटं होती. 

तोकोनामी दारापर्यंत गेले आणि थांबले.

"तुम्ही छोट्या पडद्यावर प्रश्नाखालच्या उत्तरात 'कंपनीला माहीत आहे' असं लिहिलं होतंत," ते म्हणाले. "तिथे 'मला' मी घातलं. तेवढं चाललं ना?"