तीन आवाजांचा पाय

लोहाराने तो पाय टेबलावर असा आदळला की सुताराचा चहा बशीत सांडला.

"परत आलाय! ती टपालवाली जिन्यावर पुन्हा पडली. आणि बोलणी कुणी खाल्ली? मी!"

कृत्रिम पाय करणाऱ्या त्या कारखान्यात तिघांच्या तीन खोल्या. सुतार लाकडाचा पोकळ पाय कोरायचा. कातडीकाम करणारी मावशी मांडी टेकायला आतली कातडी वाटी शिवायची. लोहार गुडघ्याची बिजागरी बसवायचा. पाय या खोलीतून त्या खोलीत जायचा. माणसं मात्र एकमेकांच्या उंबऱ्याला शिवत नसत. लोहाराला सगळे निखारा म्हणायचे, आणि ते नाव तो रोज राखायचा.

चालताना त्या पायाचे तीन आवाज यायचे. लाकडाचा खट, कातड्याचा कर्र, लोखंडाचा किण. कुठला कुणाचा, हे निखारा डोळे मिटून सांगायचा. आणि आपला त्यात सगळ्यांत बारीक, हेही बजावायचा.

"माझ्या लाकडात खोट दाखव," सुतार म्हणाला.

"माझा एक टाका हललेला नाही," मावशी उसळली. "तुझंच लोखंड बघ, निखाऱ्या. तुझ्या तोंडासारखंच सैल!"

"तिघांचंही काम बरोबर?"

दारात टपालवाली उभी होती. काखेत कुबड्या, कपाळाला पट्टी. "मग पडते कोण? उद्या साहेबांसमोर जिना चढून दाखवायचाय. नाही जमलं, तर माझी पिशवी दुसऱ्याच्या खांद्यावर गेली म्हणून समजा."

तिने स्टुलावर बसून पाय चढवला, पट्टे आवळले आणि कुबड्यांवर उभी राहिली.

"धरा. तिघांनी. आपापली जागा."

तिघं तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. इतक्या वर्षांत एकाच पायाला तिघांचे हात एकदम कधी लागले नव्हते. तिने भार टाकला. निखाऱ्याच्या तळव्याखाली बिजागरी डुगडुगली. तो हेलकावा लाकडात गेला, लाकडातून वाटीत, आणि बाई कलंडली. निखाऱ्यानेच तिला सावरलं.

"मिस्त्री, एवढी पोकळी कशाला कोरलीत?" तो ओरडला.

"मावशीचं कातडं जाड येतं. मावायला नको?"

"आणि मी वाटी सैल शिवते," मावशी म्हणाली, "कारण ह्याच्या बिजागरीचे रिबिट मांसात रुततात."

दोघांनी निखाऱ्याकडे पाहिलं.

"मिस्त्रींचं लाकूड फुगतं," तो पुटपुटला. "भरवसा नाही. म्हणून मी खीळ ढिली ठेवतो."

टपालवालीने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"म्हणजे एकमेकांच्या चुका मावतील एवढी जागा सोडलीत," ती म्हणाली. "त्या जागेत मी पडते."

निखाऱ्याच्या अंगाची लाहीलाही झाली. पण राग काढायला समोर कुणी उरलं नव्हतं. त्याने आपली ऐरण ओढत सुताराच्या खोलीत आणली. मावशीही तिथेच टोचा घेऊन बसली. भांडण थांबलं नाही, उलट वाढलं. "आधी ते रिबिट घास, मेल्या!" "मिस्त्री, पोकळीत बसवायची पट्टी अजून पातळ!" "मावशी, तो टाका उसवा, पुन्हा घाला!" दिवसभर त्या खोलीत नुसता आरडाओरडा. मध्ये स्टुलावर टपालवाली. पाय चढवायची, उभी राहायची, नाही म्हणून मान हलवायची, पुन्हा उतरवायची.

संध्याकाळी तिने मान हलवली नाही. उठली, कुबड्या काखेत मारल्या आणि आभार न मानता, रागातच, बाहेर पडली. कुबड्या नुसत्याच लटकत होत्या.

बाहेर जिन्यावर तिची पावलं पडू लागली. निखाऱ्याने सवयीने डोळे मिटले आणि आपलं लोखंड शोधायला लागला. सापडेना. लाकूडही सापडेना, कातडंही नाही.

"काय रे, काही ऐकू येतंय का?" मावशीने धास्तावून विचारलं.

"हो," निखारा हळूच म्हणाला. "बाई चालतेय."