पोचण्याआधी

“पोचलो म्हणतोस? काठाला हात लागला का तुझा? नाही ना? मग तोंड मिट!”

म्हाताऱ्या एजिस्तो नावाड्याचा हा ओरडा पो नदीच्या मुखाशी राहणाऱ्या प्रत्येकानं कधी ना कधी खाल्लेला. ‘आरिवारे’, म्हणजे पोचणे, हा शब्द इथं नाव काठाला टेकेपर्यंत कुणी उच्चारत नाही. उच्चारला तर नदी ऐकते, आणि काठ मागं सरकवते.

आज एजिस्तो आपल्याच नावेत, शवपेटीत निजला होता. वल्ही त्याची मुलगी नीवेस मारत होती. समोर पाद्री, आणि तोरिनोहून सकाळीच आलेला तिचा भाऊ आदेल्मो, लॅटिनचा मास्तर. दफनभूमी पलीकडच्या काठावर, धुक्यात.

आदेल्मोनं घसा साफ केला. “फादर, बाबांचा हा शब्द मुळात नावाड्यांचाच. लॅटिनमध्ये ‘आद रीपाम’, काठाकडे. पुढं आगगाड्या पोचायला लागल्या, पत्रं पोचायला लागली. मोठ्या हुद्द्यावर गेलेल्यालाही लोक ‘पोचला’ म्हणू लागले. आज बाबा खऱ्या अर्थानं पोच—”

नीवेसनं वल्हं पाण्यावर आपटलं. पेटी भिजली.

“गप! अजून मध्यात आहोत आपण.”

“नीवेस, फादरसमोर तरी...”

“नावेत तुम्ही तिघं पुरुष. शहाणा एकच, आणि तो बोलत नाही.”

पाद्र्यानं नजर जपमाळेत खुपसली.

“फोनवर काय म्हणालास? ‘परीक्षा चालू आहेत.’ माणूस जिवंत होता तेव्हा परीक्षा, आणि आता त्याच्या शब्दाची मुळं उकरतोस?”

आदेल्मोचा चेहरा उतरला.

“शेवटी... माझी आठवण काढली का गं त्यांनी?”

सकाळपासून हाच प्रश्न ती चुकवत होती. उत्तर दिलं तर न आल्याच्या ओझ्यातून हा सुटेल, आणि तिला तो सुटायला नको होता. पण आता राग ओठांत मावेना.

“दार वाजलं की विचारायचे, ‘आदेल्मो पोचला?’ शेवटी मी म्हणाले, ‘हो, पोचला.’ तोच शब्द, खोटा, त्यांच्याच तोंडावर! दिसत नव्हतं त्यांना. माझा हात धरला, कुरवाळत राहिले. म्हणाले, ‘पुस्तकांनी किती मऊ केलेत रे तुझे हात.’”

तिनं वल्ही सोडली आणि घट्टे पडलेले दोन्ही तळवे त्याच्या नाकासमोर धरले.

“या हातांना म्हणाले ते, आदेल्मो. या!”