घट्ट गाठ

बागेत फिरून आले की हे सोफ्यावर पाय पसरायचे आणि जाहीर करायचे, "पायांना मुंग्या आल्यात. आता माझं काही खरं नाही!"

साखर तपासली, नॉर्मल निघाली. तेल चोळलं, तरी मुंग्या येतच राहिल्या. एरवी यांचे बूट नातू काढतो; आज तो नव्हता म्हणून मीच काढायला बसले, तर लेस अशी आवळलेली की माझं नख तुटलं. ती सुटताच हे म्हणाले, "आहा! गेल्या मुंग्या!"

मी मात्र थबकले. पोटामुळे यांना वाकता येत नाही, म्हणून रोज लेस मीच बांधते, तीही सैल.

"अहो, ही गाठ कुणाची?"

"वाटेत सुटते गं. मग बागेतल्या देवस्थळीबाई बांधून देतात."

उद्यापासून हे चपला घालून फिरायला जाणार आहेत.