रुसलेलं काडतूस

"दुकानातली काडतुसं नवशिक्यांनी घ्यावीत, मी घरी भरतो," धम्मदीपने रायफल क्लबात ऐकवलं, तेही बायको उपासनासमोर. रविवारच्या मॅचमध्ये तिला हरवायचंच होतं. गराजात त्याने रिकामी काडतुसं चिंच लावून पितळी तांब्यासारखी घासली, गोळी घट्ट बसावी म्हणून तोंडं प्रेसमध्ये दाबली, दारू आणि गोळ्या घालून सगळी भरली आणि मगच एक रायफलमध्ये सरकवलं. काडतूस आत ढकलून कोंडणारा बोल्ट बंद होईना. गोळी लांब पडली असेल म्हणून ती काडतुसात जरा आत दाबली. होईना. आणखी दाबली. होईना. "रुसलेल्या जावयासारखं दारात काय अडून बसलंयस!" तो काडतुसावर खेकसला. उपासना डोकावली. "अरे, ही माझ्या रायफलमधून उडवलेली. बार उडाला की काडतूस फुगतं; ही माझ्याच चेंबरच्या मापाने फुगलीत. नुसती तोंडं दाबून अंग थोडंच बारीक होणार?" तिने दुसरं आपल्या रायफलमध्ये घातलं. अलगद बसलं. धम्मदीपने चिडून आपल्या बोल्टवर तळहाताचा तडाखा हाणला. रविवारी उपासना त्याच्या काडतुसांवर पहिली आली. त्याची रायफल गनस्मिथकडे होती, पोटात अडकलेल्या काडतुसासकट.