ठमीचा वाटा

"पोरीला कुणी चारल्या या गोळ्या?" डॉक्टर ओरडला.

कमळी आईच्या मांडीवर ओकत होती. ओकारीत गोळ्यांची लाल साल होती आणि रक्त होतं. बाप, चिंधू, तारापूरच्या कामावरून तसाच धावत आला होता. अंगावर खडीची धूळ, मान खाली.

"मीच दिल्या," ठमी म्हणाली.

"अगं, त्या तुझ्या होत्या! तुझ्या अंगात रक्त नाही, पोटात पोर वाढतंय, म्हणून दिल्या. पोरीला कशाला?"

"तुमीच बोललात, ताकदीच्या हायत."

"मग?"

"ताकदीचं मी एकलीनं खावं? पोरीच्या तोंडासमोर?"

"जंगली आहात नुसते," डॉक्टर पुटपुटला आणि सलाइनची बाटली आणायला गेला.

पाड्यावर ससा मारला तर कुत्र्यालासुद्धा हाडूक मिळतं. पाठ फिरवून खाणाऱ्याला तिथं माणसात धरत नाहीत. ठमीनं सासूला दिल्या, दिराला दिल्या, चिंधूला दिल्या. उरल्या तो तिचा वाटा. वरची साल गोड. कमळीनं एक चाटली आणि हात पुढे केला. भाकर कमी पडली की ठमी आपला वाटा लेकीकडे सरकवायची. तशीच तिनं पुडी लेकीच्या ओंजळीत रिकामी केली.

मोठ्या माणसाचं हे औषध लहानग्याच्या पोटात विष होतं. पुडी बांधून देताना एवढं सांगितलं असतं तर कुणाची जीभ झिजली नसती. पण पाड्यावरच्या बाईशी बोलायचं म्हणजे जीभ विटाळते ना!

कमळी मरता मरता वाचली. घरी न्यायच्या दिवशी डॉक्टरनं ठमीच्या हातात नवी पुडी दिली. आता त्याला वाचा फुटली होती.

"रोज एकच. जेवल्यावर. शौचाला काळं झालं तर घाबरून सोडू नकोस. पुडी उंच टांग, पोरीचा हात पोचता कामा नये. आणि फक्त तू खायचं."

"मी एकलीच?"

"एकटीच. पोटातलं पोर जगवायचंय ना?"

दवाखान्याच्या ओट्यावर तिघं भाकर खायला बसली. एका भाकरीचे तीन तुकडे झाले. खाऊन झाल्यावर ठमीनं पुडी सोडली, एक गोळी काढली, पुडीला घट्ट गाठ मारून ती चिंधूकडे दिली. चिंधूनं रस्त्याकडे तोंड केलं.

लाल रंग दिसताच कमळीनं हात पुढे केला. सुईनं काळानिळा झालेला, काडीसारखा हात.

"आये, मना?"

ठमीनं तिच्याकडे पाठ केली आणि गोळी गिळली.

मागं पोरीचा हात तसाच पसरलेला होता.